कयाक आणि ‘सी सी द सन’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कयाक हा बँड नक्की कुठला?

नेदरलँड्समधल्या हिल्व्हर्समचा. अॅमस्टरडॅमच्या आग्नेयेला, जेमतेम तीस किलोमीटरवर असलेलं हे गाव म्हणजे डच नभोवाणीचं माहेरघर. युरोपातल्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंवर स्टेशनांच्या नावांमध्ये ‘हिल्व्हर्सम’ छापलेलं असायचं, ते हेच. कीबोर्डवादक टॉन स्खेरपेन्झेल आणि ड्रमर पिम कोपमन या दोघांनी १९७२ मध्ये कयाक उभा केला. दोघेही आधीपासून एकत्र वाजवत होते आणि दोघेही गाणी रचणारे होते. ड्रमर गाणी रचतो ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

पहिल्या अल्बमवर कोण कोण आहे?

‘सी सी द सन’ या पहिल्या, आमच्या मते दुर्लक्षित राहिलेल्या अल्बमवर पाच जण. माक्स वेर्नर: मुख्य गायन, मेलोट्रॉन (फितींवर चालणारं कळफलकाचं वाद्य, सविस्तर पुढे) आणि तालवाद्यं. योहान स्लाखर: गिटार. टॉन स्खेरपेन्झेल: पियानो, ऑर्गन, सिंथेसायझर आणि आणखी जे काही कळफलकाचं हाती लागेल ते. सेस फान लेउवन: बेस. पिम कोपमन: ड्रम्स आणि गायन. अल्बम १९७३ मध्ये निघाला आणि त्यातली तीन गाणी सिंगल म्हणूनही बाजारात आली.

हा संच फार काळ टिकला नाही. १९७५ च्या ‘रॉयल बेड बाउन्सर’पर्यंत बेसवर बेर्ट फेल्डकाम्प आला होता आणि १९७६ मध्ये कोपमनही बाहेर पडला. फान लेउवन पुढे वकील झाला आणि २००२-०३ मध्ये डच सरकारात राज्यसचिव होता, खातं संस्कृतीचं. प्रोग रॉकच्या (प्रोग्रेसिव्ह, म्हणजे लांब आणि वळणावळणाच्या रचनांच्या रॉकच्या) बेसवादकाकडे सांस्कृतिक खातं जाणं फार ठिकाणी घडलेलं नाही.

नेदरलँड्समध्ये कयाक प्रसिद्ध आहे. मग दुर्लक्षित कसा?

बरोबर हटकलंत. डच माणसाला कयाक विचारलं तर तो लगेच ‘रूथलेस क्वीन’ गुणगुणेल. १९७९ मध्ये ते गाणं तिथल्या टॉप ४० मध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. दुर्लक्ष झालं ते दोन प्रकारचं. देशाबाहेर डच प्रोग म्हटलं की फोकसचं नाव येतं, कारण ‘होकस पोकस’ १९७३ मध्ये अमेरिकेतही पहिल्या दहांत पोचलं होतं. कयाकचं अमेरिकेतलं सर्वांत मोठं यश म्हणजे १९७८ मध्ये ‘आय वाँट यू टू बी माइन’ला मिळालेला ५५ वा क्रमांक. आणि देशातल्या देशात, पुढच्या सुबक पॉप गाण्यांनी पहिला अल्बम झाकून टाकला. ज्यांना ‘रूथलेस क्वीन’ पाठ आहे अशांतल्या पुष्कळांनी ‘लव्हली लूना’ एकदाही ऐकलेलं नसतं.

तिसरं कारण वादाचं आहे, पण आमचं मत सांगतो. हा अल्बम प्रोगच्या रसिकांना फार गोड वाटतो आणि पॉपच्या रसिकांना फार वळणाचा. दोन्ही दुकानांत तो चुकीच्या फळीवर बसतो.

अल्बममध्ये कोणती गाणी आहेत आणि केवढी?

नऊ गाणी, एकूण साधारण ४८ मिनिटं. पहिल्या बाजूला ‘रीझन फॉर इट ऑल’ (साडेसहा मिनिटं), ‘लिरिक्स’ (पावणेचार), ‘मोल्डी वूड’ (सव्वापाच) आणि ‘लव्हली लूना’ (सव्वाआठ, अल्बममधलं सर्वांत लांब). दुसऱ्या बाजूला ‘होप फॉर अ लाइफ’ (जवळपास सात), ‘बॅले ऑफ द क्रिपल’, ‘फॉरेव्हर इज अ लोनली थॉट’, ‘मॅमथ’ (तीन मिनिटांच्या आत) आणि शेवटी शीर्षकगीत ‘सी सी द सन’ (चार मिनिटांच्या थोडं वर). काही सीडींवर पुढे एकदोन जादा गाणी जोडलेली असतात. पहिल्यांदा ऐकताना शीर्षकगीत संपलं की थांबा, मूळ अल्बम तिथेच संपतो.

लांबी बघूनच एक गोष्ट कळते. त्याच काळात बाजूभर पसरलेली वीस मिनिटांची रचना ही प्रोग बँडची मानाची पताका होती. इथे तसलं एकही नाही. वळणं आहेत, पण ती गाण्याच्या पोटात बसवलेली.

सुरुवात कुठून करावी? पहिल्यापासून ओळीने?

प्रोग नेहमी ऐकणाऱ्यांनी ओळीने ऐकावं. ‘रीझन फॉर इट ऑल’ हा दरवाजा त्यांच्यासाठीच आहे: वेग, तुटक वळणं, ऑर्गन आणि गिटारची चढाओढ.

बाकीच्यांनी दुसऱ्या बाजूचा शेवट आधी घ्यावा. ‘मॅमथ’ आणि ‘सी सी द सन’ ही दोन छोटी गाणी सलग ऐका, सात मिनिटांत बँडची चाल बांधण्याची पद्धत हाती लागते. मग ‘लिरिक्स’. ‘लव्हली लूना’ सर्वांत शेवटी ठेवा, रात्री, पंखा मंद करून. ते इतक्या हळू उलगडतं की गाडीत किंवा स्वयंपाक करताना लावलं तर पहिली दोन मिनिटं ऐकूच येत नाहीत आणि मग ‘यात काय आहे?’ असा प्रश्न पडतो.

‘मोल्डी वूड’मध्ये मुख्य आवाजाकडे दुर्लक्ष करून मागच्या आवाजांची रास ऐका. या बँडमध्ये गाणी रचणारे दोघेही स्वतः गातात, त्यामुळे आवाजांची मांडणी शेवटी चिकटवलेली वाटत नाही. ती चालीबरोबरच सुचलेली असावी इतकी पक्की बसते.

याला ‘मेलोडिक’, म्हणजे चालीवर भर देणारं प्रोग म्हणतात. म्हणजे नुसतं गोड का? यात प्रोग कुठे आहे?

गाण्यांच्या जोडकामात. साध्या पॉपमध्ये अंतरा, धृपद, अंतरा, धृपद असं चक्र फिरतं. इथे धृपद एकदा येऊन जातं आणि त्याच्याच सुरावटीतला तुकडा पुढे वेगळ्या वाद्यावर, वेगळ्या लयीत परत येतो. नाट्यसंगीत ऐकणाऱ्याला हे परकं वाटू नये. पद तेच असतं, पण विस्तारात त्याची एकेक ओळ सुटी काढून फिरवली जाते. फरक असा की कयाकमध्ये हा विस्तार आधीच लिहिलेला असतो, ऐन वेळी सुचलेला नसतो. म्हणून दहाव्यांदा ऐकतानाही तो तसाच लागतो, आणि तरी दहाव्यांदा त्यात नवीन काहीतरी सापडतं.

एकल वादनाची हौस कमी आहे. स्लाखरची गिटार बहुतेक वेळा चालीचीच दुसरी ओळ गाते. बोटांची कसरत ऐकायची असेल तर हेगमधल्या फिंच या बँडचा १९७५ चा ‘ग्लोरी ऑफ द इनर फोर्स’ ऐका. त्यात एकही शब्द नाही आणि गिटार क्वचितच श्वास घेते.

मागे व्हायोलिनसारखं काहीतरी धूसर वाजतं, ते काय?

बहुतेक ठिकाणी मेलोट्रॉन. हे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळ बनणारं कळफलकाचं वाद्य. आत प्रत्येक कळीला एक चुंबकीय फितीची पट्टी असते, सुमारे साडेनऊ मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर खऱ्या वाद्याचा तो एक स्वर ध्वनिमुद्रित केलेला असतो. कळ दाबली की पट्टी फिरत्या दांड्यावर दाबली जाते, ध्वनिशीर्षावरून सरकते, आणि कळ सोडली की स्प्रिंग तिला मागे खेचते. एम ४०० या लोकप्रिय मॉडेलला ३५ कळा होत्या आणि एका चौकटीत तीन आवाज मावत.

त्यातून निघणारी गंमत अशी:

पट्टी साधारण आठ सेकंदांत संपते. त्यापुढे कळ दाबून ठेवली तरी शांतता. म्हणून मेलोट्रॉनची सुरावट नेहमी श्वास घेत चालल्यासारखी असते.

एकाच वेळी बऱ्याच कळा दाबल्या की मोटारीवर ओझं येतं आणि सूर किंचित खाली घसरतो. तो घसरता, थोडा आजारी स्वर हीच या वाद्याची ओळख झाली.

पट्ट्या ओलसर हवेत चिकटतात, स्प्रिंगा सैल पडतात, आणि मग एखादा स्वर उशिरा किंवा अर्धाच येतो. दौऱ्यावर हे वाद्य नेणाऱ्यांना त्याचा राग का यायचा ते यावरून समजावं.

कयाकमध्ये हे वाद्य गायकाच्या हाती होतं, ही रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. गाणारा माणूस स्वतःच्या आवाजाखाली स्वतः चादर पसरतो, त्यामुळे दोन्ही एकमेकांवर चढत नाहीत.

ऑर्गन आणि मेलोट्रॉन कानाने वेगळे कसे ओळखायचे?

स्वराच्या सुरुवातीकडे लक्ष द्या. इलेक्ट्रिक ऑर्गनचा स्वर टकटक करत, एकदम पूर्ण ताकदीने येतो आणि कळ दाबलेली असेपर्यंत तसाच राहतो. मेलोट्रॉनचा स्वर जरा घासत सुरू होतो, त्यात बारीक थरथर असते, आणि दोन लगतच्या स्वरांची थरथर सारखी नसते, कारण त्यांच्या फिती वेगळ्या आहेत. संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन मनात आणू नका. तो पात्यांचा, हार्मोनियमच्या कुळातला, आणि या दोघांशी त्याचं काही नातं नाही.

हा आवाज आज घरच्या कीबोर्डवर काढता येईल का?

सॉफ्टवेअरमधून सहज, पण बहुतेकांची एकच चूक होते: ते पियानोसारखं वाजवतात. असं करून बघा.

१. सस्टेनचा पेडल काढून बाजूला ठेवा. मूळ वाद्याला तो नव्हताच.
२. कळ जोरात दाबा वा हळू, आवाज सारखाच यावा म्हणून व्हेलॉसिटी बंद करा. चढउतार व्हॉल्यूमच्या पेडलने करा.
३. सर्वांत खालच्या आणि वरच्या स्वराची मर्यादा पाळा: खाली जी २, वर एफ ५.
४. एका वेळी तीन, फार तर चार स्वर. हाताची बोटं एकदम न उचलता एकेक करून पुढच्या स्वरावर सरकवा, म्हणजे प्रत्येक फितीला परतायला वेळ मिळतो आणि सुरावटीत भोक पडत नाही.
५. रिव्हर्ब मोजकाच. जास्त घातला की फितीची खरखर बुडते आणि नुसती सिनेमाची व्हायोलिनं उरतात.

एलपी विकत घ्यायची आहे. काय बघावं?

या अल्बमच्या बाबतीत एक खास अडचण आहे. बाजू लांब आहेत, प्रत्येकी सुमारे २४ मिनिटं. रॉकच्या एलपीची बाजू अठरा ते बावीस मिनिटांची असली की तबकडीवर खाचा कापणाऱ्याला मोकळीक मिळते. त्याहून लांब असली की खाचा एकमेकींना खेटून कापाव्या लागतात, आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते, आणि मग पृष्ठभागाची खरखर तुलनेने वर येते.

त्यात भर म्हणजे शेवटच्या गाण्याची जागा. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांनी फिरणाऱ्या एलपीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला जवळपास ५१ सेंटिमीटर खाच जाते. आतल्या टोकाला ती जेमतेम २१ सेंटिमीटर उरते. तेवढ्याच आवाजासाठी निम्म्याहून कमी जागा. या अल्बमवर त्या गर्दीच्या जागी एका बाजूला ‘लव्हली लूना’चा शेवट आहे आणि दुसऱ्या बाजूला शीर्षकगीत. म्हणून वापरलेली प्रत घेताना विक्रेत्याला पहिलं गाणं वाजवायला सांगू नका. दोन्ही बाजूंची शेवटची दोन मिनिटं ऐकवायला सांगा. तिथे ‘स’ आणि ‘श’ फुटत असतील तर कुणीतरी झिजलेल्या सुईने ती प्रत खरवडली आहे, आणि ती धुऊन बरी होणार नाही.

‘लव्हली लूना’च्या शांत जागा हा दुसरा निकष. फोटोत चकचकीत दिसणारी प्रत तिथे चटचट वाजते.

परदेशातून मागवताना विक्रेत्याला तबकडी कव्हराच्या बाहेर काढून, वेगळ्या पाकिटात, दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून पाठवायला सांगा. आतच राहिली तर प्रवासात हलते आणि कव्हराची शिवण फाडते. किंमत ठरवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करा, कित्येकदा ते तबकडीपेक्षा जड जातं. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना सोपा मार्ग आहे: २७ एप्रिलच्या राजदिनी लोक घरातलं जुनं सामान रस्त्यावर मांडून विकतात, आणि त्या फ्राईमार्क्टमध्ये सत्तरच्या दशकातल्या डच तबकड्यांची खोकी हमखास असतात. सकाळी लवकर गेलं पाहिजे.

माझ्याकडे प्रत आहे, पण शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो. प्रत खराबच का?

लगेच तसं ठरवू नका. आधी सुई मऊ ब्रशने मागून पुढे झाडा. मग सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई ज्यात बसते त्या भागाच्या) पत्रकात दिला असेल तेवढा आहे का ते छोट्या काट्यावर मोजा. बहुतेक घरगुती कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतात. भार कमी असेल तर सुई खाचेत नाचते आणि तबकडीची झीज उलट वाढते. ‘हलकं ठेवलं म्हणजे जपलं’ हा समज चुकीचा आहे.

नंतर कार्ट्रिजचा कोन. प्रचलित बेअरवाल्ड मांडणीत सुई मध्यबिंदूपासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर अचूक स्पर्शरेषेत येते. स्टीव्हन्सन मांडणीत हे बिंदू ६०.३ आणि ११७.४ मिलिमीटर आहेत, म्हणजे अगदी आतल्या भागात विकृती कमी, त्याच्या बदल्यात मधल्या भागात थोडी जास्त. या अल्बमसारख्या लांब बाजूंना दुसरी मांडणी मानवते. शंकूच्या टोकाची स्वस्त सुई बदलून लंबवर्तुळाकार टोकाची बसवली तर फरक अजून स्पष्ट होतो. एवढं करूनही फाटत असेल तर मात्र प्रत गेली.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशी येते. उपाय?

एक लिटर मिश्रणासाठी ७५० मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी, २५० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि भांडी घासायच्या बिनरंगी द्रवाचे दोन थेंब. थेंब खरोखर दोनच. जास्त झाले की थर राहतो आणि सुईवर चिकटा जमतो. मायक्रोफायबरच्या फडक्याने खाचांच्या दिशेने गोल पुसा, मधला कागद कोरडा ठेवा, मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दुसऱ्या फडक्याने पुसा आणि उभी ठेवून अर्धा तास वाळवा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत बसतात. हे मिश्रण लाखेच्या जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना लावायचं नाही, अल्कोहोलने त्या विरघळतात.

जुनं कागदी आतलं पाकीट फेका, बुरशी तिथेच राहते. छापील असेल तर वेगळं वाळवून ठेवा. बाहेरून जाड मऊ पीव्हीसीची पिशवी घालू नका, उष्म्यात ती तबकडीवर पांढुरका डाग उमटवते, पॉलिथीन चालतं. तबकड्या उभ्या, बाहेरच्या भिंतीपासून दोन बोटं दूर.

स्ट्रीमिंगवर शोधलं की होड्याच येतात!

नावाचा हा जुना शाप आहे. कयाक ही एक प्रकारची होडी, म्हणून नुसतं ‘कयाक’ टाकलं की होड्या येतात, नाहीतर त्याच नावाच्या संकेतस्थळावरची विमानाची तिकिटं. अल्बमचं नाव किंवा स्खेरपेन्झेलचं आडनाव जोडून शोधा. आणखी दोन ठेचा: १९७४ च्या दुसऱ्या अल्बमचं नाव नुसतंच ‘कयाक’ आहे, आणि ‘मर्लिन’ दोन आहेत, एक १९८१ चा आणि दुसरा ‘मर्लिन – बार्ड ऑफ द अनसीन’, २००३ चा. इक्वलायझरमध्ये खालचा आणि वरचा भाग वाढवून मध्य दाबायची सवय असेल तर इथे ती मोडा. वेर्नरचा आवाज आणि मेलोट्रॉन दोघेही मध्यातच राहतात.

हा आवडला तर पुढे काय ऐकावं?

१९७४ चा ‘कयाक’, मग ‘रॉयल बेड बाउन्सर’. १९७४ च्या ‘कयाक’मधल्या ‘विंटरटाइम’मध्ये पहिल्या अल्बमची गोडी आणखी घट्ट झालेली आहे. १९७८ च्या ‘फँटम ऑफ द नाइट’पासून वेर्नर ड्रम्सवर गेला, गायनाला एडवर्ड रेकर्स आला आणि वळणं कमी झाली. ते संगीत वाईट नाही, वेगळं आहे. ‘मर्लिन’मध्ये एक बाजूभर पुन्हा जुना आवेश दिसतो. स्खेरपेन्झेलचं वादन आवडलं असेल तर कॅमलचा १९८४ चा ‘स्टेशनरी ट्रॅव्हलर’ ऐका, तिथे कीबोर्डवर तोच आहे.

बँड अजून वाजवतो का?

१९८२ मध्ये फुटला, १९९९ मध्ये परत जमला. पिम कोपमन नोव्हेंबर २००९ मध्ये गेला. स्खेरपेन्झेलने नव्या साथीदारांसह २०१८ मध्ये ‘सेव्हन्टीन’ आणि २०२१ मध्ये ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ काढले, आणि २०२२ मध्ये निरोपाचा दौरा झाला.

ही डच नावं नीट कशी म्हणायची?

मराठी माणसाला इंग्रजांपेक्षा सोपं. डच ‘ग’ घशातून ‘ख’सारखा येतो, उर्दू ‘ख़बर’मधला, म्हणून स्लागर नव्हे, स्लाखर. आडनावाच्या सुरुवातीचा ‘श’ दिसला तरी तो ‘स्ख’ म्हणायचा: स्खेरपेन्झेल. ‘ज’ दिसतो तिथे ‘य’, म्हणून योहान. आणि ‘व्हॅन’ नाही, ‘फान’.